झिजलं की बिघडलं?

वॉरंटी हा शब्द आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मिक्सर घ्या, मोबाईल घ्या, नाहीतर होस्टेलच्या खोलीसाठी टेबल फॅन घ्या, दुकानदाराला पहिला प्रश्न ठरलेला, "वॉरंटी किती?" तो म्हणतो एक वर्ष, आणि आपण निर्धास्त होतो. त्या एका वर्षात नेमकं काय झालं तर काय मिळणार, हे कार्डावर बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. चार-पाचशेच्या वस्तूत हे चालून जातं. गाडीत चालत नाही. गाडीचा एखादा भाग वेळेआधी झिजला की प्रश्न दहा-वीस हजारांचा होतो, आणि ज्याचं पोटच त्या गाडीवर आहे त्याचे धंद्याचे दिवस बुडतात ते वेगळेच.

मित्रांनो, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव किल्लारी, तालुका औसा, जिल्हा लातूर. आमच्याकडे एका घरात तरी गाडीवर पोट असलेला माणूस सापडतोच. कुणी लातूरला भाडं मारतो, कुणी उमरग्याला, कुणी निलंग्याला. त्यामुळे "क्लच प्लेट गेली आणि कंपनी हात वर करायली" ही तक्रार मी पारावर जितकी ऐकली तितकी 'मशीन डिझाईन'च्या तासाला ऐकली नाही. गंमत अशी की पारावरच्या या भांडणाचं उत्तर त्याच तासाच्या वहीत आहे. ते उत्तर सोप्या भाषेत मांडावं म्हणून हा लेख.

वॉरंटी नेमकी कशाची?

गाडीसोबत एक पुस्तक मिळतं. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून राहतं आणि त्यावर डिझेलच्या पावत्या साठत जातात. त्यातलं वॉरंटीचं पान काढून वाचा. कंपनी कुठलीही असो, मुख्य वाक्य साधारण सारखंच असतं: मटेरियलमध्ये किंवा बनावटीत दोष निघाला तर तो भाग कंपनी फुकट दुरुस्त करून देईल किंवा बदलून देईल. मुदत वर्षांत आणि किलोमीटरमध्ये, जे आधी संपेल ते.

त्याच पानावर खाली आणखी एक यादी असते, काय मिळणार नाही त्याची. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपरचं रबर, फिल्टर, बल्ब वगैरे. टायर आणि बॅटरीची जबाबदारी बहुतेक वेळा त्या त्या बनवणाऱ्या कंपनीकडे. अपघात, जादा भार, वेळेवर सर्व्हिसिंग न करणं हेही बाहेर. आणि शेवटी एक वाक्य, की वापरामुळे होणारी नेहमीची झीज वॉरंटीत धरली जाणार नाही.

सगळं भांडण या 'नेहमीची' शब्दावर आहे. झिजणारी वस्तू झिजणारच, त्यात वाद नाही. पण जी क्लच प्लेट नीट चालवल्यास पन्नास-साठ हजार किलोमीटर आरामात जाते ती सतरा हजारांत संपली तर ती नेहमीची झीज म्हणायची का? गाडीवाला म्हणतो, दोष असल्याशिवाय इतक्या लवकर जाईलच कशी. डीलर म्हणतो, यादीत क्लच प्लेट आहे, विषय संपला.

रिलायबिलिटीच्या धड्यात बाथटब कर्व्ह असतो तो आठवा. आंघोळीच्या टबासारखा आकार. सुरुवातीला बिघाड जास्त, कारण बनावटीतले दोष तेव्हाच बाहेर पडतात. मग बराच काळ सपाट. शेवटी झिजेमुळे पुन्हा चढ. वॉरंटीची मुदत पहिल्या उतारासाठी ठेवलेली असते आणि शेवटचा चढ मालकाच्या खिशातला. वेळेआधीची झीज म्हणजे शेवटचा चढ सरकत सरकत वॉरंटीच्या मुदतीत येऊन बसणं. तो का सरकला, हे सांगितल्याशिवाय खर्च कुणाचा हे ठरत नाही. म्हणजे प्रश्न 'कोणता भाग गेला' एवढाच नाही, 'कशामुळे गेला' हा आहे.

काकांची गाडी

आमच्या काकांकडे टुरिस्ट परमिटची गाडी आहे. ड्रायव्हर नाही, स्वतःच चालवतात. कंपनीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या बाबतीत घडू शकतं. वॉरंटी दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटर. आठव्या महिन्यात, १७,००० किलोमीटरला क्लच घसरायला लागला. रेस वाढते, गाडी पळत नाही. सर्व्हिस सेंटरला नेली तर गिअरबॉक्स उतरवला आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने फ्लायव्हीलवरचे निळे-काळे डाग दाखवले.

"काका, तुम्ही हाफ क्लचवर चालवता. हे बघा जळालंय. वॉरंटीत बसत नाही."

काका म्हणाले, "साहेब, पंचवीस वर्षं झाली गाडी चालवायलोय. जुन्या जीपची क्लच प्लेट मी लाखाच्या वर पळवली."

पण दाखवायला काही नव्हतं. काकांनी पैसे भरले, क्लच सेट नवा बसला, जुना तिथेच भंगारात गेला. पुढे २९,००० ला पुन्हा तेच. बारा हजार किलोमीटरमध्ये दुसरा सेट. या वेळी काकांनी एकच गोष्ट वेगळी केली. बिल भरायच्या आधी म्हणाले, जुना माल माझ्या डिकीत टाका. तो सेट पोत्यात बांधून त्यांनी मला कॉलेजवर आणून दिला.

आमच्या वर्कशॉपमधल्या मामांनी प्लेट हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "गिअर ऑइल हाय." गिअर ऑइलमध्ये गंधकयुक्त अ‍ॅडिटिव्ह असतात, त्याचा उग्र वास एकदा कळला की विसरत नाही. सरांनी मग प्लेट टेबलावर घेऊन दाखवली. लायनिंग काचेसारखी गुळगुळीत, खाचांमध्ये तेलकट काळा गाळ, मधल्या हबपासून बाहेर फेकल्या गेलेल्या तेलाच्या रेषा. म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं ऑइल सील गळत होतं. तेल प्लेटवर गेलं, प्लेट घसरायला लागली, घसरली म्हणून तापली, तापली म्हणून जळाली. पहिल्या वेळी सील बदललंच नव्हतं, त्यामुळे नव्या प्लेटचीही तीच गत झाली.

यातली महत्त्वाची गोष्ट नीट लक्षात घ्या. फ्लायव्हीलवरचे निळे डाग खरेच होते. अ‍ॅडव्हायझर खोटं बोलत नव्हता. पण डाग एवढंच सांगतो की इथे घसरण झाली आणि उष्णता झाली. घसरण पायामुळे झाली, तेलामुळे झाली की स्प्रिंग ढिला पडल्यामुळे झाली, हे डागावरून कळत नाही. डाग हा परिणाम आहे आणि त्यालाच कारण म्हणून सांगितलं गेलं.

काकांनी फोटो, दोन्ही जॉब कार्डांच्या झेरॉक्स आणि सरांनी निरीक्षणं लिहिलेलं एक पान जोडून पत्र दिलं. तीन आठवड्यांनी सील आणि दुसरा क्लच सेट वॉरंटीत मंजूर झाला. ऑइल सील 'झिजणाऱ्या' यादीत नव्हतं, आणि सीलमुळे प्लेट गेली हे समोर दिसत होतं. पहिल्या सेटचे पैसे मात्र मिळाले नाहीत. त्याचा पुरावा भंगारात वितळून गेला होता.

क्लचमध्ये होतं काय?

आता थोडं गणित. घाबरू नका, अकरावीच्या फिजिक्सपलीकडे काही नाही.

गाडी उभी असताना इंजिन फिरतंय आणि चाकं थांबलेली आहेत. या दोघांचं जमवून देणं हे क्लचचं काम. जमेपर्यंत प्लेट घासते, आणि घासण्यातली ऊर्जा उष्णता होते. प्रवाशांसकट १,५०० किलोची गाडी धरा. पहिल्या गिअरमध्ये इंजिन आणि चाक यांचं एकूण गुणोत्तर १४, चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर, इंजिन मिनिटाला १,००० फेरे. क्लच पूर्ण जुळेल तेव्हा गाडीचा वेग साधारण २.२ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी आठ किलोमीटर. गाडीची गतिज ऊर्जा झाली साधारण साडेतीन किलोज्यूल, आणि सपाट रस्त्यावर साधारण तितकीच क्लचमध्ये उष्णता होते. एका वेळेला एवढं काहीच नाही.

आता तीच गाडी दहा टक्के चढावर, पुढे वाहनांची रांग, आणि हँडब्रेक न ओढता क्लचवर तोलून धरलेली. गाडी खाली ओढणारं बल सुमारे १,४७० न्यूटन. गुणोत्तराने भागलं तर क्लचवर साधारण ३० न्यूटन-मीटर टॉर्क. इंजिन १,००० वर फिरतंय, प्लेट जागेवर उभी. गुणाकार केला की सुमारे ३.१ किलोवॅट. होस्टेलमध्ये वॉर्डनची नजर चुकवून आपण पाणी तापवायला जो रॉड लावतो तो बहुधा एक किलोवॅटचा. असे तीन रॉड त्या बंद बेल हाउसिंगमध्ये चालू आहेत असं समजा. दहा सेकंद तोलून धरली तर ३१ किलोज्यूल, म्हणजे सपाट रस्त्यावर आठ-नऊ वेळा गाडी उचलण्याइतकी उष्णता. त्यामुळे हाफ क्लचचा आरोप हवेतला नाही. आमच्याकडे ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे अर्धा-अर्धा तास गाडी सरकवत न्यावी लागते, तेव्हा हे रोजच घडतं.

झिजेचा साधा नियम आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडला. झिजलेलं घनफळ हे दाब आणि घासलेलं अंतर यांच्या प्रमाणात वाढतं आणि पृष्ठभागाच्या कठीणपणाच्या प्रमाणात कमी होतं. त्यात एक गुणांक असतो, आणि खरी मेख त्यातच आहे. पृष्ठभाग कोरडा आहे की वंगण आहे, मध्ये धूळ आहे की नाही, तापमान किती, यावर तो गुणांक शेकडो पटींनी बदलतो. धुळीतले गारेचे कण, म्हणजे क्वार्ट्झ, बिडापेक्षा कितीतरी कठीण असतात. ब्रेकची डिस्क बिडाची असते. पॅड आणि डिस्कच्या मध्ये अशी धूळ सापडली तर पॅड सँडपेपरसारखं काम करतं. तेव्हा एकच गाडी, एकच ड्रायव्हर, पण रस्ता बदलला की आयुष्य बदललं, असं होऊ शकतं. त्यात ड्रायव्हरचाही दोष नाही आणि कंपनीचाही नाही. अशा वेळी वॉरंटी मागून मिळत नाही, हेही मान्य करावं लागतं.

झिजेची खूण वाचायची कशी?

डॉक्टर जीभ बघून सांगतात तसं झिजलेला भाग बघून बरंच सांगता येतं. नेहमी उपयोगी पडणाऱ्या काही खुणा देतो.

क्लच: लायनिंग दोन्ही बाजूंनी सारखी, रिव्हेटपर्यंत झिजलेली, तेलाचा मागमूस नाही, फ्लायव्हीलवर डाग: संशय चालवण्याच्या पद्धतीवर किंवा जादा भारावर. प्लेट तेलकट, काचेसारखी: गळती शोधा. इंजिनकडचं तेल काळपट आणि पातळ, गिअरबॉक्सकडचं जाड आणि उग्र वासाचं. डायफ्रॅम स्प्रिंगच्या बोटांची टोकं खूप घासलेली आणि रिलीज बेअरिंग आवाज करतंय: पाय सतत पेडलवर ठेवण्याची सवय असू शकते, पण पेडलचा फ्री प्ले मुळातच कमी ठेवला गेला असेल तरी हेच होतं. तो मोजून बघावा लागतो.

ब्रेक: एका चाकातले आतलं आणि बाहेरचं पॅड साधारण बरोबरीने झिजायला हवेत. एक पापडासारखं पातळ आणि दुसरं अर्धं शिल्लक असेल तर कॅलिपरची पिन किंवा पिस्टन अडकला आहे. ड्रायव्हरने कितीही जोरात ब्रेक मारले तरी तो एकाच बाजूचं पॅड झिजवू शकत नाही. हा मुद्दा वादात फार कामाचा आहे.

टायर: दोन्ही कडा झिजल्या, मध्य शाबूत, तर हवा कमी. मध्य झिजला, कडा शाबूत, तर हवा जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट किंवा कॅम्बर. हात फिरवल्यावर एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो बिघडलेला. खळग्याखळग्यांनी झिजला असेल तर शॉकप बघा. नव्या गाडीत पहिल्याच काही हजार किलोमीटरमध्ये एक कड गेली तर खड्ड्यात आदळली की कारखान्यातूनच अलाइनमेंट चुकीचं आलं, हे पहिल्या सर्व्हिसिंगच्या अलाइनमेंट रिपोर्टवरून कळू शकतं. म्हणून तो कागद मागून घ्यायचा.

आमच्या किल्लारीला ही दृष्टी परकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, हजारो माणसं गेली. नंतर अभियंते आले तेव्हा त्यांनी "भूकंप झाला म्हणून घरं पडली" एवढ्यावर सोडलं नाही. पडलेल्या भिंती पाहिल्या. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, दगडांची एकमेकांत पकड नाही, वर मातीचं जड छत. नवं गाव वसवताना बांधकामाची पद्धत बदलली ती या उत्तरामुळे. हादरा तोच होता, घर का पडलं हा वेगळा प्रश्न होता. पडलेल्या घराची तुलना क्लच प्लेटशी करायची नाही, ते दुःख फार मोठं आहे. पण मोडलेल्या वस्तूला 'कशामुळे' हा प्रश्न विचारायची रीत एकच आहे.

कायदा काय म्हणतो?

इथे पुष्कळांचा गैरसमज असतो. एक भाग गेला म्हणून नवी गाडी मागायची, आणि ती मिळाली नाही की कायद्यात दम नाही म्हणायचं. २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका क्लचच्या दोषाचाच प्रश्न होता. न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीत दोषी भाग बदलून देण्याचं वचन आहे, म्हणून अख्खी गाडी बदलून देण्याचा हुकूम त्यावर देता येत नाही. म्हणजे मागणी वॉरंटीच्या शब्दांइतकीच करा. मोठी मागणी केल्याने लहान हक्कही अडकून पडतो.

त्याआधी २००४ मध्ये मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या एका डिझेल गाडीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. नवी म्हणून दिलेल्या गाडीत दोष निघाल्यावर तो मान्य करून दुरुस्त करण्याऐवजी कंपनी भांडत राहिली, याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला. त्या प्रकरणात गाडी तपासून दिलेला अहवाल ग्राहकाच्या कामी आला होता.

तिसरं प्रकरण गोव्याचं. टाटा मोटर्स विरुद्ध अँटोनिओ पावलो वाझ, निकाल फेब्रुवारी २०२१ चा. ग्राहकाने २०११ मध्ये गाडी घेतली आणि हातात २००९ चं मॉडेल पडलं. न्यायालयाने सांगितलं की डीलरने केलेल्या गोष्टीची कंपनीला माहिती होती हे दाखवल्याशिवाय कंपनीला जबाबदार धरता येत नाही. म्हणून तक्रार करताना दोष बनावटीचा आहे की डीलरच्या कामातला, हे वेगवेगळं मांडावं आणि पत्र दोघांनाही पाठवावं.

"बाहेर काम केलं, वॉरंटी गेली" हे वाक्यही सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं हा त्यातला मुख्य आरोप. त्याच आदेशात आयोगाने सांगितलं की बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती केली एवढ्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. तरी तर्क बघा, तो आपल्या विषयाचाच आहे: कारण दाखवा, मग नाकारा. बाहेर हॉर्न बदलला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी कशी जाईल?

कधीकधी दोष एका गाडीत नसतो, सगळ्याच गाड्यांत असतो. पुण्यात बनलेली पहिली इंडिका १९९८ च्या अखेरीस आली तेव्हा सुरुवातीच्या गाड्यांबद्दल बऱ्याच तक्रारी आल्या. कंपनीने शिबिरं घेऊन भाग बदलून दिले आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आणली. तेव्हा हे सगळं कंपनीच्या मर्जीवर होतं. पुढे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सुरक्षेच्या दोषासाठी गाड्या परत बोलावण्याचा हुकूम सरकार देऊ शकतं. आपल्यासारखीच तक्रार त्याच मॉडेलच्या इतरांनाही आहे का, हे विचारून ठेवावं.

राहिला ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा होता, त्याच्या जागी २०१९ चा आला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. किल्लारीच्या माणसाला तक्रार करायला कंपनीच्या गावी जावं लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे लातूरला, तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. वकील लावलाच पाहिजे असं नाही. आता काकांसारख्यांचा मुद्दा: धंद्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यात बसत नाही असं सांगून परत पाठवतात. पण स्वतः काम करून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू असेल तर तो माणूस ग्राहकच आहे, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. स्वतःची एक गाडी स्वतः चालवणारा त्यात बसतो. दहा गाड्यांचा मालक बसत नाही.

मग करायचं काय?

एक, जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. "क्लच चेक" असं लिहिलं तर काही कळत नाही. "चौथ्या गिअरमध्ये रेस वाढते, वेग वाढत नाही, १७,००० किलोमीटर" असं लिहून घ्या आणि कॉपी घ्या.

दोन, भाग उघडताना समोर उभे राहा आणि फोटो काढा. जागेवरचा एक, काढल्यावरचा एक, शेजारी पट्टी ठेवून एक. आसपास तेल, पाणी, धूळ काय आहे तेही फोटोत येऊ द्या. भाग पुसायच्या आधी.

तीन, नकार दिला तर कारण लेखी मागा. "वॉरंटीत बसत नाही" हे कारण होत नाही. कुठल्या निरीक्षणावरून कुठला निष्कर्ष काढला, ते लिहून द्या म्हणा. पुष्कळदा एवढं मागितल्यावरच गिअरबॉक्स पुन्हा नीट बघितला जातो.

चार, पैसे भरून भाग बदलला असेल तर जुना भाग घरी आणा. वॉरंटीत बदलला तर तो कंपनी ठेवून घेते, पण पैसे तुम्ही दिले तर जुना माल तुमचा.

पाच, सर्व्हिसिंगच्या पावत्या एका फाईलमध्ये ठेवा. सर्व्हिसिंग चुकलेलं असेल तर बाकीचे मुद्दे पांगळे होतात.

सहा, डीलर ऐकत नसेल तर कंपनीला लेखी पत्र, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि मग आयोग. ऑनलाइन तक्रार ई-जागृतीवर करता येते.

यात आपलं काम कोणतं?

वस्तू तपासल्याशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग ती योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, अशी तरतूद जुन्या कायद्यात होती आणि नव्यातही आहे. दोष सिद्ध करायची जबाबदारी बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्यावर येते, आणि तज्ज्ञाचा अहवाल नाही म्हणून कितीतरी खऱ्या तक्रारी पडतात. पुण्याला एआरएआय आहे, १९६६ पासूनची मोठी संस्था. पण एका क्लच प्लेटसाठी किल्लारीचा माणूस पुण्याला कधी जाणार? त्याला जवळचं म्हणजे पॉलिटेक्निक आणि आपल्यासारखी इंजिनिअरिंग कॉलेजं. आपल्याकडे मायक्रोमीटर आहे, हार्डनेस टेस्टर आहे, मायक्रोस्कोप आहे. वर्षातून चार प्रॅक्टिकलला तो बाहेर निघतो आणि पुन्हा कपाटात जातो.

अहवाल लिहिणं अवघड नाही, पण शिस्तीचं काम आहे. आधी निरीक्षण, मग मोजमाप, मग शक्य असलेली सगळी कारणं, त्यातली कुठली कशावरून वगळली, आणि शेवटी निष्कर्ष. 'बहुधा' असेल तिथे बहुधाच लिहायचं. माणूस ओळखीचा आहे म्हणून कंपनीवर ढकलायचं नाही आणि कंपनी मोठी आहे म्हणून ड्रायव्हरवर ढकलायचं नाही. काकांची प्लेट कोरडी निघाली असती तर सरांनी तसंच लिहून दिलं असतं, आणि काकांना ते ऐकावं लागलं असतं.

सर आणि मामा लोकांना एक विनंती आहे. वर्कशॉपमध्ये एक रॅक रिकामी करून द्या. सुट्टीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या गॅरेजमधून एक झिजलेला भाग आणावा: क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बेअरिंग, काहीही. सोबत गाडी किती चालली आणि कुठल्या रस्त्यावर, एवढी चिठ्ठी. शेजारी त्याचं कारण लिहून ठेवू. दोन वर्षांत जो संग्रह होईल तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही, आणि उद्या एखादा गाडीवाला पोतं घेऊन गेटवर आला तर त्याला दाखवायला आपल्याकडे काहीतरी असेल. दिवाळीच्या सुट्टीपासून सुरुवात करू. पहिला नग माझ्याकडे तयार आहे, वास मात्र सहन करावा लागेल.